चंबळेचा उतार : ग्वाल्हेर ते धौलपूर, सायकलवरून

पेशवाईतली पत्रं किंवा पानिपतावरची पुस्तकं वाचणाऱ्यांना चंबळ ‘उतरणं’ हे इतकं सवयीचं झालेलं असतं की तिथे नजर थांबत नाही. फौज दक्षिणेतून निघाली, नर्मदा उतरली, सिरोंज मागे पडलं, ग्वाल्हेरला मुक्काम झाला, चंबळ उतरली, की पुढच्याच ओळीत आग्रा. आपण पान उलटतो. नकाशातसुद्धा चंबळ म्हणजे एक निळी रेघ, आणि रेघ ओलांडायला कितीसा वेळ लागणार?

ती रेघ म्हणजे प्रत्यक्षात काही किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे, हे सायकल चालवायला लागल्यावर पायांना कळलं. ग्वाल्हेर ते धौलपूर हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर. मोटारीत बसलात तर मुरैन्याच्या पुढे दोन्ही बाजूंना मातीचे सुळके दिसतात, कुणीतरी ‘बीहड आला’ म्हणतं, पूल येतो, जातो, आणि पाचदहा मिनिटांत धौलपूरच्या पाट्या लागतात. सायकलवर मात्र प्रत्येक उतरण आणि तिच्यापाठचा चढ मोजून द्यावा लागतो.

आता आपण नदी ‘ओलांडतो’ किंवा ‘पार करतो’. जुन्या मराठीत नदी ‘उतरतात’. जिथून पायी किंवा घोड्यावरून पलीकडे जाता येतं त्या जागेला ‘उतार’ म्हणतात आणि जमिनीच्या घसरणीलाही उतारच म्हणतात. बाकीच्या नद्यांना हे दोन अर्थ वेगळे राहिले तरी चालतं. चंबळेवर ते एक होतात. पाणी कमरेइतकं आहे एवढ्याने इथे भागत नाही. त्या पाण्यापर्यंत माणसं, जनावरं आणि गाडे खाली नेणारी वाट लागते, आणि पलीकडे पुन्हा वर काढणारी दुसरी. अशा दोन वाटा समोरासमोर असणं फार दुर्मिळ. ग्वाल्हेरच्या उत्तरेचा सगळा इतिहास त्या मोजक्या जोड्यांभोवती घडलाय असं माझं मत आहे, आणि या लेखात तेच मांडायचंय. मी भूगर्भशास्त्राचा माणूस नाही. लष्करात राहतो (ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, फौजेत नव्हे) आणि हिवाळ्यात सुटीच्या दिवशी सायकल काढतो, एवढाच अधिकार.

बीहड कसा होतो

चंबळ उगवते इंदूरकरांच्या जानापावच्या डोंगरात, महूजवळ. दक्षिणेकडची सगळी मराठी मंडळी विंध्य चढून उत्तरेला आली तशीच ही नदीही उत्तरेला वाहते. उज्जैनची क्षिप्रा तिलाच मिळते, म्हणजे महाकाळाच्या घाटावरचं पाणी शेवटी आमच्या राजघाटाच्या पुलाखालून जातं. साडेनऊशे किलोमीटरांहून थोडा जास्त प्रवास करून ती इटावा जिल्ह्यात यमुनेत पडते. कोट्यापर्यंत तिचं पात्र खडकात कोरलेलं आहे. त्यापुढे गाळाची जमीन लागते आणि तिथून बीहड सुरू होतो: दक्षिण काठाला श्योपूर, मुरैना, भिंड, उत्तर काठाला करौली, धौलपूर, आग्र्याचा बाह तालुका आणि इटावा.

ही गाळाची जमीन जाड आहे, मऊ आहे आणि कोरडी असताना कमालीची घट्ट वाटते. नदीचं पात्र मात्र तिच्या खूप खाली आहे. मुरैना शहर समुद्रसपाटीपासून पावणेदोनशे मीटरांच्या आसपास, आणि हिवाळ्यातलं चंबळेचं पाणी त्याच्या पन्नास-साठ मीटर खाली. शेतात पडलेल्या पावसाला एवढी उंची थोडक्या अंतरात उतरून जायचं असतं. ते पाणी काठाला एक ओघळ पाडतं. पुढच्या पावसाळ्यात ओघळाचं तोंड मागे सरकतं, म्हणजे नदीपासून दूर, शेताकडे. त्याला बाजूने दुसरे ओघळ फुटतात. काही ठिकाणी पाणी वरून न जाता जमिनीत मुरतं, आतून माती वाहून नेतं, पोकळ बोगदा तयार होतो आणि एक दिवस त्याचं छप्पर बसतं. म्हणून बीहडात वरच्या सपाटीवर चालताना कडेला जाऊ नये असं इथली माणसं सांगतात, ते उगाच नाही. अशा एका घळीला इथे ‘भरका’ म्हणतात. भरके एकमेकांत मिसळत गेले, मधल्या जमिनीचे फक्त सुळके आणि कणे उरले, की त्या सगळ्या पसाऱ्याला बीहड किंवा बेहड.

याचं सुरुवातीचं कारण काय यावर जाणकारांत वाद आहेत. जमीन उचलली गेली की पाऊसमान बदललं, की झाडी तोडल्याने झालं. बहुधा सगळ्यांचा वाटा असावा. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. डोंगर लांबून दिसतो, बीहड दिसत नाही. सपाट मोहरीच्या शेतातून तुम्ही सायकल हाकत असता, क्षितिजापर्यंत पिवळं, आणि एकाएकी पुढचं चाक जिथे जाणार तिथे जमीनच नसते. हा उलटा डोंगर आहे: माथा तुमच्या पायाखाली आणि दरी पुढे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला खिंड कशी शोधायची ते कळतं, कारण ती वर बघून शोधतात. इथे वर बघून काही कळत नाही. कुठला कणा नदीपर्यंत अखंड जातो आणि कुठला मध्येच तुटतो हे फक्त तिथे राहणाऱ्याला ठाऊक.

दुसरी गोष्ट अशी की हे कणे टिकत नाहीत. दोन भरके दोन्ही बाजूंनी खात आले की मधली वाट बारीक होत जाते आणि तुटते. मग गाव दुसरा कणा धरतं. दगडातली खिंड हजार वर्षं तिथेच राहते, मातीतला उतार एखाद्या पिढीत जागा बदलतो. जुन्या नकाशातला घाट आणि आजचा घाट एकाच नावाचे असले तरी एकाच जागी असतील असं नाही.

नूराबाद, छौंदा, मुरैना

ग्वाल्हेर सोडल्यावर पहिले पंचवीस किलोमीटर सरळ, सपाट आणि ट्रकांनी भरलेले. जुना आग्रा-मुंबई रस्ता हाच, आता ४४ क्रमांकाचा महामार्ग. सायकलवाल्याला यात सुख नाही. पहाटे निघून उरकून टाकायचं. बानमोर मागे पडलं की नूराबाद येतं आणि सांक नदीवरचा मोगलकालीन पूल दिसतो, दोन्ही टोकांना मनोरे असलेला. इथे थांबायलाच हवं. पूल पाहण्याजोगा आहेच, पण शेजारी गुन्ना बेगमची कबर आहे. ही उर्दू-फारसीत कविता करणारी बाई, इमाद-उल-मुल्क गाझीउद्दीनची बायको. तोच गाझीउद्दीन, ज्याच्या वजिरीसाठी मराठ्यांनी दिल्लीत आपली ताकद लावली आणि ज्याने पुढे दुसऱ्या आलमगीर बादशहाचा खून करवला. पानिपताची पार्श्वभूमी शिकवताना या नवऱ्याचं नाव दहा वेळा येतं. बायकोची कबर आपल्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे हे ग्वाल्हेरच्या मराठी घरांत फार थोड्यांना ठाऊक असतं.

ग्वाल्हेरहून उत्तरेला जाताना एकामागून एक चार पाणी लागतात: नूराबादला सांक, छौंद्याला आसन, मुरैन्याच्या पुढे क्वारी (जुन्या कागदांत कुंवारी) आणि मग चंबळ. पहिल्या तिन्ही नद्या उन्हाळ्यात नाल्याएवढ्या. पण प्रत्येकीने आपापला बीहड कोरलाय, विशेषतः क्वारीने. म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या फौजेपुढे ग्वाल्हेरच्या आधी चार खंदक.

२९ डिसेंबर १८४३ ची महाराजपूरची लढाई या खंदकांच्या हिशेबानेच वाचावी लागते. जनकोजीराव शिंदे वारल्यानंतर दरबारात जी भांडणं झाली त्यांचं निमित्त करून इंग्रज फौज सर ह्यू गफच्या हाताखाली धौलपूरकडून चंबळ उतरली. शिंद्यांच्या फौजेने छौंद्याला, आसन नदी धरून, मोर्चे बांधले होते. जागा उत्तम निवडली होती. आजही छौंद्याच्या पुलावर उभं राहून उत्तरेला पाहिलं की ते पटतं. गफने पहाटे क्वारी उतरून चाल केली, तेव्हा त्याला कळलं की मराठे रातोरात पुढे सरकून महाराजपूर गावात तोफा लावून बसलेत. भरक्यांनी चिरलेल्या त्या जमिनीवर घोडदळाला मोकळं धावता येईना. वाटा नीट करायला सुरुंगवाले कामगार लावावे लागले, असं इंग्रजांच्याच अहवालात आहे. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांची सुमारे ८०० माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला पनिहारला दुसरी लढाई झाली आणि तीही शिंद्यांच्या हातून गेली. जिंकलेल्या तोफांचा धातू वापरून कलकत्त्याला हुगळीकाठी एक स्मारक उभारलं, ते अजून आहे. महाराजपुराला मात्र सायकलवरून गेलात तर मोहरी आणि गहू.

राजघाट

मुरैन्यात गजक खाऊन (थंडीत ताजी मिळते, तिळाची आणि गुळाची, सायकलवाल्याला याहून चांगला शिधा नाही) पुढे निघालं की क्वारी, मग देवरीचं घडियाल पालन केंद्र, आणि खरी उतरण सुरू होते. हमरस्त्याला भराव आणि छेद घालून चढउतार बरेच मोडलेत. तरी पाय फिरवायचे थांबवले की सायकल आपसूक वेग धरते आणि कानात वारा भरतो, तेव्हा समजावं की नदी आपल्याला खाली ओढतेय. दोन्ही बाजूंना मातीचे कडे वर चढत जातात. खरं तर ते चढत नसतात, आपण बुडत असतो.

पुलावरून हिवाळ्यात चंबळ हिरवट-निळी आणि स्वच्छ दिसते. वाळूच्या पट्ट्यांवर मगरी आणि सुसरी, म्हणजे इथले घडियाल, ऊन खात पडलेल्या असतात. १९७९ पासून हा सगळा भाग अभयारण्य आहे. याच नदीचं पाणी ऑगस्ट २०२२ मध्ये धोक्याच्या खुणेच्या सुमारे पंधरा मीटर वर गेलं होतं. पूर आला की पाणी भरक्यांत उलटं शिरतं, कडे भिजवून मऊ करतं, आणि ओसरताना माती घेऊन जातं. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गेलं की ओळखीची जागा ओळखू येत नाही ती यामुळे.

या पुलावर एक राजकीय सीमाही आहे आणि ती जुनी आहे. नोव्हेंबर १८०५ च्या तहात दौलतराव शिंदे आणि कंपनी यांच्यामधली हद्द म्हणून चंबळ ठरली. ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांकडे आले. पलीकडे धौलपूर १८०६ मध्ये गोहदच्या राण्याला मिळालं. संस्थानं विलीन होईपर्यंत शिंदेशाहीची उत्तरेची वेस हीच, आणि आज मध्य प्रदेश व राजस्थान यांची हीच. पाच वर्षांनी, १८१० मध्ये, दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची बसली आणि तिचं ‘लष्कर’ झालं. आपल्या घरांचे पत्ते त्या छावणीतून आलेत. छावणी इथे का बसली याची कारणं पुष्कळ सांगतात. उत्तरेला चार खंदक आहेत हे कारण मला त्यांत कमी मोलाचं वाटत नाही.

धौलपूरच्या बाजूला वर निघताना चढ सलग लागतो. घाटाच्या मानाने काहीच नाही, पण सकाळपासून सपाटीची सवय झालेल्या पायांना तो जाणवतो. आणि तिथेच मला दोन सैन्यं आठवतात.

पहिलं १६५८ चं. औरंगजेब दक्षिणेतून आग्र्याकडे येत होता. दारा शुकोहने धौलपूरच्या आसपासचे नेहमीचे उतार तोफा लावून अडवले. अंगावर यायचं तर शत्रूला आधी या उतरणीत यावं लागेल आणि मग हा चढ तोफांच्या तोंडावर चढावा लागेल, हा त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. पण औरंगजेबाने स्थानिक जमीनदाराच्या मदतीने पूर्वेला बराच लांब, भदावर मुलखातला एक अप्रसिद्ध उतार शोधला आणि तिथून फौज काढली. दाराचे मोर्चे जागच्या जागी निकामी झाले. तोफा तशाच सोडून त्याला मागे फिरावं लागलं, आणि २९ मे १६५८ ला सामूगढला तो हरला. हिंदुस्थानची बादशाही एका कण्यावरच्या वाटेने फिरली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

दुसरं सैन्य आपलं. १७६० च्या मेअखेर सदाशिवरावभाऊ ग्वाल्हेरला पोचले आणि जूनमध्ये चंबळ उतरले. बरोबर इब्राहिमखान गारद्याचा अवजड तोफखाना, शिवाय बायकामुलं आणि यात्रेकरू. तोफेचा गाडा भरक्यातून उतरवताना पुढून बैल ओढतात ते कामाचं नसतं, मागून दोर धरून रोखणारी माणसं लागतात. आणि पलीकडे चढवताना याच्या उलट. सायकल हातात धरून अशी एखादी गाववाट उतरलात तरी त्याची कल्पना येते. एवढं करून पलीकडे गेल्यावर त्या वर्षी पाऊस लवकर आणि जोरात आला. धौलपूरपुढे गंभीर नदीने वाट अडवली. इटाव्याजवळ नावांचा पूल करून यमुना उतरायची आणि अंतर्वेदीत शिरायचं हा बेत होता, गोविंदपंत बुंदेल्यांना तशी पत्रं गेली होती. नद्या भरल्यामुळे तो राहिलाच. यमुनेच्या उजव्या काठाने वर जाणं एवढाच मार्ग उरला. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण अब्दाली पलीकडच्या काठावर आणि आपण अलीकडे.

पंधरा दिवस आधी चंबळ उतरले असते तर काय झालं असतं, हा खेळ आपल्याकडे फार खेळला जातो. मी तो खेळत नाही. एवढंच म्हणतो की ग्वाल्हेरपासून यमुनेपर्यंतचा प्रदेश कोरड्यात एक आणि पावसात दुसराच असतो, आणि हे ज्याने आषाढात भरके पाहिलेत त्याला वेगळं सांगावं लागत नाही. पुढल्या हिवाळ्यात पानिपतावरून वाचलेली माणसं उलट दिशेने याच नद्या उतरून ग्वाल्हेरला जमा झाली; मल्हारराव होळकर आले, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही आल्या. तेव्हा नद्यांना पाणी कमी होतं. चंबळेच्या दक्षिणेला आल्यावर ती माणसं थांबली, हे मला फार बोलकं वाटतं. पाठलाग होईल अशी भीती इथे पहिल्यांदा कमी झाली असणार.

अटेरकडे

राजघाट हा प्रसिद्ध उतार. ज्यांना बीहड नीट पाहायचाय त्यांनी हमरस्ता सोडून मुरैन्याहून अंबाहचा रस्ता धरावा. हा तंवरघार, तोमरांचा मुलूख. शिंदेशाहीत या नावाचा जिल्हाच होता. अंबाहच्या वाटेवरून थोडं आत गेलं की सिहोनियाचं ककनमठ लागतं: अकराव्या शतकातलं शिवमंदिर, बाहेरचे दगड निखळलेले, नुसता सांगाडा आकाशात उभा. अंबाहपुढे उसेद घाट, पलीकडे पिनाहट. पावसाळा सरला की इथे पिंपांचा तरंगता पूल टाकायचा आणि पाऊस येण्याआधी काढायचा, असा रिवाज वर्षानुवर्षं चालत आला. नदी कुणाला आणि केव्हा वाट देते याचं याहून सोपं प्रात्यक्षिक नाही. या घाटावर उतरणारा रस्ता भरक्यांच्या मधून वळणं घेत जातो, चढ तीव्र आहेत, रहदारी कमी, आणि सायकलला खरा आनंद इथे आहे.

त्याहून पूर्वेला, भिंडच्या उत्तरेस, चंबळेच्या काठी अटेरचा किल्ला. भदावरच्या भदौरिया राजांचा. किल्ला डोंगरावर नाही, बीहडाच्या आत आहे. भरक्यांनीच त्याचा परकोट केलाय. फेब्रुवारी १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावाच्या फौजांनी हे अटेर घेतलं. मग मल्हारराव यमुना उतरून गेले, जलेसरला सादतखानाकडून मार खाऊन परतले, आणि बाजीराव मोगल सरदारांना बगल देऊन मार्चअखेर थेट दिल्लीच्या वेशीवर दिसला. दिल्लीच्या धाडीचं वर्णन सगळे वाचतात. पण त्याआधी भदावर घेणं म्हणजे काय, हे अटेरच्या बुरुजावरून खाली पाहिलं की कळतं: नदीच्या त्या भागातले उतार ज्याच्या हातात, त्याचा मुलूख. ऐंशी वर्षांपूर्वी औरंगजेबाला अनोळखी वाट दाखवणारा मुलूख हाच.

ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सगळं उलटं आहे, म्हणून तिकडेही एकदा जाऊन यावं. आंतरी, पनिहार, पुढे सतनवाडा आणि शिवपुरी. विंध्याचा लालसर दगड, साग-खैराची रानं, आणि सव्वाशेच्या आत किलोमीटरांत अडीचशे मीटरांची संथ चढण. इथे वाटा दगडाने ठरवल्यात आणि त्या बदललेल्या नाहीत. १६०२ मध्ये अबुल फझल दक्षिणेतून आग्र्याला परतताना आंतरीजवळच मारला गेला आणि त्याची कबर आंतरीतच आहे. वीरसिंह बुंदेल्याला त्याची वाट बघत कुठे थांबायचं याचा विचारच करावा लागला नसेल. नरवरचा किल्ला सिंधेच्या वळणावर असाच नेमका. हा भाग सायकलला देखणा आणि सोपा. घोड्याच्या नालेसारखी वळणं, सावली, चहाच्या टपऱ्या. पण इतिहासाला जागा शोधावी लागत नाही म्हणून असेल, मला उत्तरच अधिक खुणावते.

डाकूंबद्दल विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही, म्हणून तेही. इथे त्यांना ‘बागी’ म्हणतात. १९६० मध्ये विनोबा या भागात पायी फिरले तेव्हा काहींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली, आणि १४ एप्रिल १९७२ ला जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे मोठं आत्मसमर्पण झालं. आज सायकलवाल्याला भीती आहे ती वाळू भरून सुसाट जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची, आणि विलायती बाभळीच्या काट्यांची. ही बाभूळ १९८० च्या दशकात धूप थांबावी म्हणून विमानातून बी टाकून पेरली. धूप थांबली असं दिसत नाही; बाभूळ मात्र सगळीकडे झाली आणि इथला गुग्गुळ, हिवर, करील मागे हटले. पातळ टायरची रोड बाईक हमरस्त्यापुरती ठीक. घाटांवर जायचं तर जाड टायर घ्या, पाणी भरपूर ठेवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ धरा, आणि जानेवारीच्या धुक्यात नऊच्या आधी महामार्गावर चढू नका.

बुलडोझर आणि वही

गेल्या काही वर्षांत एक बदल डोळ्यांदेखत होतोय. बीहड सपाट केला जातोय. सुळके कापायचे, ती माती भरक्यात लोटायची, वर मोहरी पेरायची. काही ठिकाणी सरकारी योजनेतून, बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांनी आपल्या पैशाने बुलडोझर आणून. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्यांची शेतं पिढ्यान्‌पिढ्या भरक्यांनी खाल्ली त्यांनी भरका बुजवला तर आपण वारसा-वारसा म्हणून ओरडायचं कशाच्या जोरावर? भरलेली माती सैल असते आणि पाणी पुन्हा आपली जुनी वाट काढतं, हा भाग वेगळा. ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पण भरक्याबरोबर कणाही जातो. कण्यावरची वाट जाते, वाटेवरची विहीर बुजते, उताराच्या माथ्यावरची पडकी गढी नांगराखाली येते. १६५८ चा उतार नेमका कुठला, १७३७ मध्ये फौजा भदावरात कुठून उतरल्या, गफचे गाडे क्वारीतून कुठे निघाले, याची उत्तरं कागदात अर्धी आहेत आणि उरलेली अर्धी या मातीत. दगडी किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची पाटी लागते. उतारावर कोण लावणार? तो दिसायला नुसता खड्डा असतो.

म्हणून मंडळातले आम्ही चौघं-पाच जण गेले दोन हिवाळे एक साधं काम करतोय. जिथे नदीपर्यंत अखंड उतरणारी वाट सापडेल तिथे थांबायचं. जागेची नोंद फोनवर घ्यायची, वाटेची रुंदी पावलांनी मोजायची, तळ मातीचा की कंकराचा ते पाहायचं (कंकराच्या थरावरची वाट जास्त टिकते आणि गाड्यांना चालते), माथ्यावर विहीर, देऊळ, दर्गा, गढी काय आहे ते लिहायचं, आणि पलीकडच्या काठावर समोर तशीच वाट दिसते का ते बघायचं. समोरची वाट नसेल तर तो गुरांना पाण्यावर न्यायचा रस्ता. असेल तर तो उतार. मग गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं की पूल नव्हता तेव्हा वरात कुठून जायची. फौज कुठून गेली हे कुणाला आठवत नाही, वरात कुठून गेली हे सगळ्यांना आठवतं, आणि बैलगाड्यांची वरात जिथून उतरते तिथूनच तोफ उतरू शकते.

राजघाट ते उसेद हा तुकडा वहीत आलाय. उसेद ते अटेर राहिलाय, आणि त्यातच भदावरचे उतार आहेत. माघात थंडी ओसरली की, मोहरी कापणीला येण्याआधी, अंबाहला मुक्काम करून तीन दिवसांत तो करायचा विचार आहे. यायचं असेल त्यांनी जाड टायरची सायकल आणि जास्तीच्या दोन ट्यूब आणाव्यात. वही आमच्याकडे आहे.